दादा ‘सोड’ म्हणाला होता

माझा नवरा आणि माझा दीर एका घरात राहून वर्षभर एकमेकांशी बोलत नव्हते, आणि त्या वर्षात बोलून बोलून घसा बसला तो माझा.

“वहिनी, दादाला विचारा, गाडीची चावी कुठे ठेवलीय.”

दादा समोरच खुर्चीत पेपर वाचत बसलेला. पेपर खाली न घेता आमचे हे म्हणायचे, “त्याला सांग, डोळे उघडे ठेवले तर दिसेल. खिळ्यावरच आहे.”

मी खिळ्याकडे बघायचे, चावीकडे बघायचे, मग या दोन घोड्यांकडे बघायचे. एकदा वैतागून म्हटलं, “अहो, मी काय टेलिफोन एक्स्चेंज आहे का? निदान पगार तरी सुरू करा.” भावजी हसले. हेही हसले. पण दोघंही माझ्याकडे बघून हसले, एकमेकांकडे नाही.

भावजी म्हणजे माझा धाकटा दीर. मी लग्न होऊन आले तेव्हा ते शाळेत जायचे. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की दीर लहान असला तरी मान द्यायचा, म्हणून नाक गळणाऱ्या त्या पोराला मी “भावजी, तुमचं नाक पुसा” म्हणायचे. सवय लागली ती लागली. हे त्यांना बारक्या म्हणायचे. बारक्याने पुढे लग्न केलं नाही. का नाही केलं ते मला विचारू नका, मी विचारून थकले. वरच्या खोलीत राहायचे, जेवायला खाली यायचे. यांचं सगळं आयुष्य बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून बसच्या पोटाखाली गेलं. रिटायर झाल्यावर एक जुनी पिकअप घेतली. ती भावजी चालवायचे, फर्निचरच्या दुकानाची कपाटं आणि पलंग घरोघर पोचवायचे, आणि गाडीचं दुखलंखुपलं हे बघायचे. बरं चाललं होतं सगळं.

मग सासूबाई गेल्या. त्या दिवशी सकाळी दोघा भावांचं थोडं वाजलं होतं. हे म्हणत होते, दुपारी गाडी आण, ब्रेक बघायचेत. भावजी म्हणत होते, आज माल जास्त आहे. तेवढंच. भांड्याला भांडं लागतं तसं. दुपारी सासूबाईंना धाप लागली. डॉक्टरला बोलावलं, आणि यांनी भावजींना फोन लावला. वाजला, वाजला आणि बंद झाला. परत लावला. परत तेच. सासूबाई डोळे मिटून विचारत होत्या, “बारक्या आला का?” हे म्हणायचे, “येतोय.” थोड्या वेळाने परत, “आला का?” “येतोय गं आई, कोपऱ्यावर आहे.” भावजी कोपऱ्यावर नव्हते. संध्याकाळी आले ते आईसाठी मऊ सपाता घेऊन आले.

यांनी एकच प्रश्न विचारला. “फोन बघितला होतास?”

भावजी खोटं बोलले असते तर निभावून गेलं असतं. या घरातल्या पुरुषांना नको तिथे खरं बोलायची खोड आहे. म्हणाले, “बघितला होता.” त्याच्यापुढे अजून एक वाक्य होतं. ते ऐकायला हे थांबलेच नाहीत. उठले आणि आत निघून गेले. त्या दिवसापासून “त्याला सांग” सुरू झालं, आणि ते पुढचं वाक्य भावजींच्या घशात तसंच अडकून राहिलं.

मी काय कमी प्रयत्न केले? यांच्याशी भांडले. “आई गेली ती गेली, आता भाऊही घालवणार आहात का?” म्हटलं. हे मुकाट्याने जेवायचे. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तसा माणूस. भावजी मला जिन्यात गाठून म्हणायचे, “वहिनी, त्याने मला चार शिव्या दिल्या तरी चालतील. एकदा ऐकून घे म्हणावं.” मी निरोप पोचवायचे. हे म्हणायचे, “त्याला सांग, कुकरची शिटी झाली, जेवायला ये.” आता याच्यावर बोलणार काय, कपाळ!

आणि मग गाडीचा एक्सल गेला.

भावजी भरलेली गाडी घेऊन येत होते, रस्त्यात कुणीतरी पाण्याच्या पाइपसाठी खड्डा खणून तसाच ठेवलेला. मागचं चाक त्यात आदळलं. कशीबशी घरापर्यंत आणली, पण चाक वरच्या बाजूने आत कललेलं आणि रिममधून तेल ठिबकतंय. हे ओट्यावरून बघत होते. मी मनात म्हटलं, आता बघू, किती वेळ तग धरतात. दाराबाहेर आजारी गाडी उभी आहे आणि हे पेपर वाचताहेत, असं होणंच शक्य नव्हतं. आलेच. उकिडवे बसले, आत हात घालून चाचपलं, आणि मला म्हणाले, “त्याला सांग, हाऊसिंग वाकलंय. अख्खा एक्सल बदलावा लागेल.”

एक्सल म्हणजे मागच्या दोन चाकांना जोडणारी लोखंडाची जाड नळी, मध्ये घागरीएवढा फुगवटा. फिटरची बायको आहे, एवढं मला कळतं.

“गॅरेजला नेऊ का, विचारा,” भावजी म्हणाले.

“त्याला सांग, मी धडधाकट असताना ही गाडी गॅरेजला जाणार नाही.”

दोघं भंगारवाल्याच्या टेम्पोतून गेले आणि त्याच टेम्पोतून जुना पण सरळ एक्सल घेऊन आले. जाताना-येताना एक शब्द बोलले नाहीत, भंगारवाल्यानेच मला सांगितलं. म्हणाला, “ताई, हे दोघं मुके आहेत का? बोटं दाखवून सौदा केला.”

रविवारी सकाळी काम काढलं. गाडी घराच्या बाजूच्या मोकळ्या जागेत, माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोरच. पुढच्या चाकांना दगड लावले. मागून उचलून चॅसीखाली टेकू म्हणून दोन लोखंडी घोड्या दिल्या. हे त्या बाबतीत कडक होते, घोडी लावल्याशिवाय गाडीखाली बोटसुद्धा घालायचे नाहीत. चाकं काढली. मग सतरंजीचा तुकडा टाकून हे आत सरकले, आणि एक्सलच्या फुगवट्याखाली जॅक लावला. चाकं असलेला तो लांब दांड्याचा जॅक. दांडा वरखाली केला की उचलतो, दांडा पिळला की सोडतो. दांड्यापाशी भावजी.

आणि इथे पंचाईत झाली. खालून हाक आली, “अगं, त्याला सांग, थोडं उचल.”

मी कणीक मळत होते. खिडकीतून दोघंही दिसत होते, म्हणजे भावजी पूर्ण आणि यांचे पाय. मला एकदम सुचलं. मी ओरडले, “माझे हात भरलेत! तुमचं तुम्ही बघा!”

भावजी दांडा धरून उभे. खालून पान्हा ठेवल्याचा आवाज आला. आता माणूस गाडीखालून बाहेर येणार, हातवारे करणार, परत आत जाणार, असं किती वेळा करणार?

“उचल,” हे म्हणाले.

मला नाही, भावजींना. वर्षानंतरचा पहिला शब्द. भावजींनी वळून खिडकीकडे बघितलं, लहान मुलाला बक्षीस मिळाल्यासारखा चेहरा झाला होता, आणि मग इतक्या घाईने दांडा मारायला लागले की हे आतून ओरडले, “बस! बस!” म्हणजे तीन शब्द झाले. मी कणकेच्या हातांनीच डोळे पुसले. इतका आनंद मला पोरीच्या लग्नात झाला नव्हता.

दिवसभर तेच चाललं. उचल. बस. थोडं सोड. लोक उंटावरून शेळ्या हाकतात, हे गाडीखालून हाकत होते. पण कामापलीकडे शब्द नाही. भावजींनी विचारलं, “दादा, पाणी देऊ?” उत्तर आलं, “उचल.” भावजी म्हणाले, “दादा, तुझी पाठ दुखत असेल, मी येतो खाली, तू जॅक धर.” उत्तर, “थोडं सोड.” मी आतून हसत होते. म्हटलं, असू दे. गाडी पहिल्या गिअरमध्ये का होईना, हलली तरी.

दुपारपर्यंत जुना एक्सल बाहेर निघाला. तो पूर्ण खाली घ्यायचा तेव्हा हे आधी बाहेर आले, अंग झटकलं, आणि मगच म्हणाले, “सोड.” भावजींनी दांडा पिळला, एक्सल खाली बसला. एवढा फरक दिवसभर पाळला होता त्यांनी. आत असताना “थोडं सोड”, म्हणजे दांडा केसभर पिळायचा. नुसतं “सोड” म्हणायचे ते बाहेर आल्यावर.

जेवण झालं. भंगारातून आणलेला एक्सल जॅकवर चढवला, खाली सरकवला, हे परत आत गेले. आता खरं कटकटीचं काम. वर स्प्रिंगचे पाटे असतात, त्यांच्या मधोमध एका बोल्टचं डोकं खाली आलेलं असतं. ते एक्सलवरच्या भोकात बरोबर बसलं पाहिजे, तेही दोन्ही बाजूंना, आणि मग यू-बोल्टने आवळायचं. एक बाजू बसली की दुसरी सरकायची. उचल. थोडं सोड. बस. उचल. हे पाठीवर, एक्सलच्या बरोबर खाली, दोन्ही हात वर.

मी चहा घेऊन बाहेर गेले. गाडीच्या मागच्या कोपऱ्याशी उभी राहिले तर ब्रेकच्या ड्रमच्या आडून यांचा चेहरा दिसत होता, कपाळावर काळं फासलेलं. दोन्ही बाजू बसल्या असाव्यात, कारण म्हणाले, “बस.” आणि हात लांब करून यू-बोल्ट घेतला.

भावजींना तेवढ्यातच तोंड फुटलं. दांडा हातात धरून, गाडीच्या मागच्या फाळक्याकडे बघत बोलायला लागले.

“दादा, त्या दिवशी फोन मी बघितला. मला वाटलं, गाडी आण म्हणून ओरडायला केलास. सकाळचा राग होता मला. म्हणून नाही घेतला. आईचं मनातसुद्धा आलं नाही रे. देवाशपथ नाही आलं.”

एवढंच ते वाक्य. वर्षभर घशात होतं. बोलता बोलता त्यांच्या डोळ्यांतून धार लागली.

यांचा हात थांबला. यू-बोल्ट खाली ठेवला. मी चेहरा बघत होते. त्यांनी मान वळवली, जिथून भावजींची फक्त पावलं दिसत असतील तिकडे. आणि म्हणाले, “सोड रे.”

भावजींनी दांडा पिळला.

आवाज फार मोठा झाला नाही. एक्सल जॅकवरून कलला आणि तो मधला फुगवटा यांच्या छातीवर आला. चहाचे कप माझ्या हातात तसेच होते, ते मी कधी खाली ठेवले मला आठवत नाही. भावजींनी नुसत्या हातांनी एक्सल उचलला. एरवी दोन माणसांनाही जड जातो तो. शेजारी धावत आले, त्यांच्या गाडीतून नेलं, माझ्या मांडीवर डोकं होतं. दवाखान्यात डॉक्टरांनी मला बाजूला बसवलं, तेव्हाच मला कळलं.

पोलीस आला, चांगला माणूस होता, हळू बोलत होता. भावजींना विचारलं, काय झालं. भावजी म्हणाले, “दादा सोड म्हणाला. मी सोडलं.” मग तो माझ्याकडे वळला. “बाई, तुम्ही तिथे होतात ना? काय म्हणाले मिस्टर?”

भावजी माझ्याकडे बघत होते. हातांना अजून ग्रीस होतं.

“सोड म्हणाले,” मी म्हटलं.

“जॅक सोड?”

“हो. जॅकच.”

तिथेच ते ठरलं. सगळ्यांनी तेच धरलं. बिचारा स्वतःच सोड म्हणाला, आणि धाकट्याने ऐकलं. त्याची काय चूक? वेळ आली होती. भेटायला येणारा प्रत्येक जण तेच बोलून जायचा.

पण जॅकला कुणी “रे” म्हणतं का हो? सकाळपासून कितीतरी वेळा “सोड” म्हणाले असतील, एकदाही “रे” लागला नव्हता. आणि यांचा “सोड रे” मी जन्मभर ऐकलाय. शेजाऱ्याने आमच्या भिंतीत खिळा ठोकला आणि मग माफी मागायला आला, तर “सोड रे.” डेपोतला सोबती कधीकाळचं भांडण काढून रडायला लागला, तर “सोड रे.” माझ्या हातून दूध उतू गेलं की “सोड गं.” यांच्या तोंडून तो शब्द आला की विषय संपला, परत म्हणून निघायचा नाही. पीळ कितीही असू दे, ‘सोड रे’ म्हटलं की सुटला. त्या दिवशी गाडीखाली पडल्या पडल्या माझ्या नवऱ्याने भावाला माफ केलं, आणि भावाच्या हाताने सकाळपासूनच्या सवयीने ते जॅकला लावलं.

हे भावजींना कसं सांगायचं? सांगा मला. दादाने तुम्हाला माफ केलं, आणि त्या माफीवर तुम्ही त्याच्या छातीवर एक्सल टाकलात, असं सांगायचं? त्यापेक्षा जॅकच बरा. सांगितलं ते केलं, संपलं. निदान माणूस जगेल तरी. मी मूग गिळून बसले.

राग नव्हता असं समजू नका. भयंकर राग होता. त्यांच्यापुढे ताट ठेवायचे ते आदळून. एकदा त्यांनी आमटीत मीठ कमी आहे असं तोंडातल्या तोंडात म्हटलं, आणि माझ्या जिभेवर आलं होतं सगळं, अगदी टोकावर. पण ते मायेने येत नव्हतं, घाव घालायला येत होतं. म्हणून गिळलं. मीठ दिलं. आत जाऊन उशीत तोंड घालून रडले, आणि नवऱ्यालाही चार शब्द सुनावले. वर्षभर तोंडाला कुलूप, आणि उघडायचं तर नेमकं तेव्हाच! बाहेर येऊन म्हणता येत नव्हतं?

भावजी मात्र विचारत राहायचे. जिन्यात भेटले, कपडे वाळत घालताना भेटले, एकच प्रश्न. “वहिनी, दादा जॅकच सोड म्हणाला होता ना?”

“हो हो, जॅकच.”

मान हलवायचे आणि जायचे. मला वाटायचं, त्यांना धीर मिळतोय. पण धीर मिळालेला माणूस असा वाळत नाही. शर्ट हँगरवर टांगल्यासारखा दिसायचा. जेवायला खाली येणं कमी झालं. गाडी घोड्यांवर तशीच होती, खाली एक्सल तिरका पडलेला, ड्रमला गंज चढलेला. मी स्वयंपाकघराच्या खिडकीला पडदा लावून टाकला.

मग एक दिवस सकाळी आले आणि म्हणाले, “वहिनी, मी जातोय. लांब एका कारखान्यात लोडिंगचं काम आहे, राहायची सोय आहे. त्याआधी गाडी उभी करून देतो. तुम्हाला विकता येईल.”

“कुणी जा म्हटलंय तुम्हाला?”

“कुणी नाही. पण कुठल्या तोंडाने राहू? दादा शेवटपर्यंत माझ्याशी कामापुरतंच बोलला. मी रडून सांगत होतो, आणि तो म्हणाला, जॅक सोड.”

कुणीतरी कानफटात मारल्यासारखं झालं. अगं बाई, या बाजूने मी कधी विचारच केला नव्हता.

जॅकला माणूस हवा होता. बाहेरचं कुणी नको म्हणाले. मी म्हटलं, मी धरते, पण आधी एक्सलखाली लाकडं रचा, माझ्या गुडघ्याएवढी, दोन्हीकडे. जॅक सुटला तरी एक्सल लाकडावर थांबला पाहिजे. त्याशिवाय मी दांड्याला हात लावणार नाही. त्यांनी निमूट रचली. मग आत सरकले.

“उचला,” म्हणाले. मी दांडा मारला. जॅक काही जड जात नाही, लोखंडच सगळं करतं. एक बाजू बसली. दुसरी सरकली. आता काय म्हणणार, मला माहीत होतं. म्हणाले नाहीत. त्याऐवजी म्हणाले, “वहिनी, थोडं खाली घ्या.” तो शब्द त्यांच्याही तोंडातून निघत नव्हता.

दोन्ही बाजू बसल्या. यू-बोल्ट घातले, नट आवळले, एकेक करून, परत सगळे एकदा. पान्ह्याचा आवाज थांबला. काम झालं होतं. पण भावजी बाहेर येईनात.

“झालं का?” मी विचारलं.

“झालं.”

“मग या ना बाहेर.”

“वहिनी.” आवाज खालून आला. “दादा जॅकच सोड म्हणाला होता ना?”

माझं डोकं फिरलं. “अहो, कितीदा विचाराल! दगडाला तरी पाझर फुटेल. कितीदा तेच तेच?”

“आजचं शेवटचं. मग जातो.”

मी दांडा सोडला. हात साडीला पुसले. जायचेच आहेत, तर जाऊ देत, असंही मनात आलं. पण दादा कामापुरतंच बोलला, हे घेऊन हा माणूस कुठल्यातरी कारखान्याच्या खोलीत जाऊन पडणार, आणि माझ्या नवऱ्याचा शेवटचा शब्द, त्याने इतक्या उशिरा का होईना पण मनापासून काढलेला शब्द, मी एकटीच उरात घेऊन बसणार. तो माझा नव्हताच मुळी.

“नाही,” मी म्हटलं.

“काय नाही?”

“जॅक नाही. ‘सोड’ नाही म्हणाले ते. ‘सोड रे’ म्हणाले. तुमच्या बोलण्यावर म्हणाले. हातातला बोल्ट खाली ठेवून, तुमच्याकडे मान वळवून म्हणाले. मी बघितलंय.”

मला वाटलं, संपलं, मारलं मी या माणसाला. मग हळूच विचारलं त्यांनी, “‘रे’ होता?”

“होता.”

“नक्की होता?”

“भावजी, मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते.”

“मलाही आला होता ऐकू,” ते म्हणाले. “हात फिरला आणि मग आला. पण मला वाटलं, माझ्याच कानांनी तो लावला. मला हवा होता म्हणून. म्हणून तुम्हाला विचारायचो वहिनी. तुम्ही ‘जॅकच’ म्हणालात की तो ‘रे’ पुसला जायचा. खोलीत जाऊन परत आठवायचो, तर परत असायचा. मग परत विचारायला यायचो.”

मी जॅकशेजारी जमिनीवर बसले. इतके दिवस मी त्यांना वाचवत होते म्हणे! ते रोज भीक मागत होते आणि मी रोज रिकामे हात दाखवत होते.

“मी टाकला तो त्याच्यावर,” भावजी म्हणाले. “ते मला पहिल्यापासून माहीत आहे. मी बघितलं नाही, डोळ्यांत पाणी होतं, आणि हात फिरवला. तुम्ही जॅक म्हणालात काय आणि नाही म्हणालात काय, ते कुठे जाणार होतं? तेवढा ‘रे’ हवा होता फक्त.”

मग रडले. त्या दिवसानंतर पहिल्यांदा, मोठ्याने, गाडीखाली आडवे पडून. मी रडू दिलं. रस्त्यावरून जाणारा एक माणूस थांबला, मी त्याला हाताने जा म्हणून खुणावलं.

थोड्या वेळाने म्हणाले, “कसा म्हणाला? म्हणून दाखवा ना.”

“अहो, मला कसं जमेल?”

“तुम्हालाच जमेल. तुम्ही सगळ्यात जास्त ऐकलाय.”

मी हात टेकून वाकले, गाल जवळजवळ जमिनीला लागेपर्यंत. ड्रमच्या आडून त्यांचा चेहरा दिसला, डोळ्यांतलं पाणी कानात जात होतं. यांच्यासारखा आवाज काढायला गेले, पण निघाला तो माझाच, बसलेला, घोगरा.

“सोड रे,” म्हटलं.

भावजींनी डोळे मिटून घेतले. “परत म्हणा,” म्हणाले.

मी परत म्हणाले.